पाचवा थर

आमच्या शाळेतल्या मुलांनी ओढ्यावर बंधारा घातला, त्याचा फोटो तालुक्याच्या कार्यालयात भिंतीवर लावलेला आहे. फोटोत मुलं आपापल्या पिशव्यांमागे उभी आहेत आणि कडेला मी, दात काढून हसणारी. कामासाठी तिथे जावं लागतं तेव्हा मी त्या भिंतीकडे पाठ करून बसते, कारण त्या हसणाऱ्या बाईच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

शाळा मावळातली, लोणावळ्याच्या अलीकडच्या एका वाडीची. जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. कागदावर शिक्षक दोन, पण दुसरे गुरुजी कायम कुठल्या ना कुठल्या याद्या करायला नेमलेले, त्यामुळे शाळा म्हणजे मी आणि एकोणीस मुलं. मी बेगडेवाडीला सकाळची लोकल धरते, कामशेतला उतरते, तिथे ठेवलेली स्कूटी काढते आणि शाळा गाठते. इतकी वर्षं झाली, की रस्त्यातले खड्डे मला पाठ आहेत.

एकोणिसांतली चार मुलं ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची. पूर्वी वस्तीवरून पुलापर्यंत चांगली पायवाट होती. मग मधली जमीन पुण्याच्या एका कुटुंबाने घेतली, बंगला बांधला, तारेचं कुंपण घातलं आणि वाट त्या कुंपणात गेली. तेव्हापासून ही चौघं पुलाच्या वरच्या बाजूला ओढ्यातल्या सात दगडांवरून उड्या मारत येत. पावसाळ्यात ओढा फुगला की त्यांना सुट्टी. दिवाळीपासून पुढे मात्र एक दिवस खाडा नाही.

खाडा नसायचा तो चौथीतल्या एका मुलीमुळे. बाकी तिघं तिच्या मागे-पुढे असत. पहिलीतल्या लहानग्याचा सदरा मुठीत धरून ती त्याला एकेका दगडावर ठेवायची, मग वळून दुसऱ्या दोघांना हात द्यायची. शाळेत पोचली की चौघांचे पाय पुसून घ्यायची आणि मगच वर्गात. मी फळ्यावर गणित चुकले की सगळा वर्ग निमूट उतरवून घेई. ही मात्र उभी राहायची आणि म्हणायची, "बाई, तुमचं चुकलं." कौतुक वाटायचं आणि रागही यायचा. खरं सांगायचं तर राग थोडा जास्तच यायचा.

दिवाळीनंतर वरून पत्र आलं, की शाळांनी श्रमदानातून गावाच्या उपयोगाचं एखादं काम करावं आणि फोटो पाठवावेत. आमच्याकडे असं काम एकच सुचतं, ते म्हणजे बंधारा. ओढ्याची धार बारीक झाली की रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरायची, त्या पात्रात आडव्या रचायच्या, फटींत चिखल थापायचा. अडलेलं पाणी जनावरांना आणि हरभऱ्याला पुढे कितीतरी दिवस पुरतं. चांगलंच काम आहे ते, त्यात वाईट काही नाही.

जागा ग्रामसेवकांनी दाखवली, पुलाला लागून. दगडांच्याही वर, खडकात, याहून अरुंद आणि चांगली जागा होती. पण तिथे गाडी जात नाही, आणि जलपूजनाला तालुक्याचे साहेब येणार होते. साहेबांनी चिखलातून चालायचं का? मलाही ते पटलं. मीच म्हटलं, इथेच बरं.

गावातल्या बाप्यांनी सकाळपासून खपून चार थर रचले. मुलांचं काम माती चाळायचं आणि घमेल्यांनी पोचवायचं. पण फोटोत दिसणार काय, तर मोठ्यांच्या गोण्या. म्हणून मी तांदळाच्या दहा किलोच्या रिकाम्या पिशव्या गोळा केल्या होत्या. प्रत्येक मुलाने एक अर्धी भरायची, तोंड सुतळीने शिवायचं आणि वर रंगाने आपलं नाव लिहायचं. या एकोणीस पिशव्यांचा पाचवा थर, नावं रस्त्याच्या बाजूला. आदल्या वर्षी झाडं लावताना कुणाचं झाड कुठलं यावरून मारामाऱ्या झाल्या होत्या, म्हणून या वेळी नियमच केला: ज्याची पिशवी त्यानेच भरायची, त्यानेच उचलायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. मुलांना हा नियम फार आवडला. पहिलीतली पोरं पिशव्या फरफटत नेत होती, पण कुणाला धरू देत नव्हती.

ती मुलगी तेवढी आपली पिशवी शिवून तिच्यावर बसून होती.

"काय गं, उचल की."

"बाई, ह्यो वरचा थर नगा लावू. आमचं दगड बुडत्याल."

"कशावरून?"

तिने पुलाच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे दगडात एक पांढरी रेघ आहे, चुन्याची असावी. "पावसाळ्यात पानी त्या रेघंला लागलं का आमचं दगड बुडत्यात. तवा आमी शाळंत येत न्हाई. चार थर रेघंच्या खाली हायेत. पाचवा रेघंवर जातोय."

मी बघितलं. रेघ होती, पाचवा थर तिच्याशी येत होता हेही दिसत होतं. तेवढ्यात ग्रामसेवक मोबाइल हातात धरून ओरडले, "मॅडम, ऊन उतरतंय, फोटो घ्यायचाय." मी तिला म्हटलं, "पावसाळ्याचं पाणी वेगळं असतं. उगाच शहाणपणा करू नकोस, पिशवी ठेव जागेवर." ती उठली. पिशवी पोटाशी धरून नेली आणि बरोबर मधोमध रिकामी राहिलेली जागा होती तिथे ठेवली. फोटोत ती हसत नाही.

शनिवारी बंधारा झाला. मंगळवारी पाणी पाचव्या थरावरून सांडायला लागलं आणि वाडीत पेढे वाटले. बुधवारी पलीकडची चौघं आली नाहीत.

गुरुवारी दुपारी कळलं ते असं, की आली होती. दगड पाण्याखाली वीतभर गेले होते, निसरडे झाले होते. तिने पायाने चाचपत तिघांना तिसऱ्या दगडापर्यंत आणलं. तिथे लहानग्याचा पाय घसरला. पाणी तिच्या छातीला लागतं, त्याच्या डोक्यावरून. तिने उडी टाकून त्याला केसांना धरून ओढलं आणि चौघं तशीच ओली घरी गेली. तिच्या आईने त्याच दिवशी सांगून टाकलं, पाणी हाय तवर शाळा न्हाई.

पाचवा थर काढायला एक तास पुरला असता. एक तास! मी ग्रामसेवकांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, आठ दिवस कळ काढा. साहेब येऊन पूजन करून गेले की काढा काय काढायचं ते. मुलांची नावं त्यावरच आहेत, तोच तर आपला विषय आहे." वाडीतल्या म्हाताऱ्या आबांचा हरभरा बंधाऱ्याला लागून, त्यांना विचारलं. आबा म्हणाले, "बाई, चार पोरांसाठी गावाचं पानी सोडायचं व्हय?" मी म्हटलं, सोडायचं नाही, वीतभर कमी करायचं. आबांनी तंबाखू मळली आणि विषय संपला. ती चार पोरं वस्तीवरची नसती तर आबा काय म्हणाले असते, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मग मी बंगल्याच्या गेटवर गेले. गेटवर राखणीला त्या मुलीचा बापच असतो. आपल्याच पोरांना आतून येऊ द्या, मी म्हटलं, दोन मिनिटांची वाट आहे. त्याने खांबावर नजर टाकली. "क्यामेरा हाये, बाई. मालक पुण्यात बसून मोबाइलवर बगत्यात. मागं एकदा शेळी आत आलती, तर तासाभरात फोन." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच हताश वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या चौघांना स्कूटीवरून आणायला लागले. कुसगावकडून वळसा घालून सात किलोमीटर, दोन खेपा जायच्या, दोन परतीच्या. शाळा दहाऐवजी अकराला भरायची, अलीकडची मुलं तोवर पटांगणात धिंगाणा घालायची, मग त्यांचे पालक बोलायचे. चार दिवस हे केलं. ती मुलगी मागे बसायची, मला घट्ट धरून, आणि वळणावर सांगायची, "बाई, हळू." तेवढ्यात कळलं, साहेब आठ दिवसांनीही येणार नाहीत. पुढची तारीख पडली. मी पुन्हा फोन केला, पुन्हा "कळ काढा". मी कळ काढली. माझी बदली, माझा अहवाल, माझी अडलेली रजा, सगळं त्याच कार्यालयात होतं, म्हणून काढली. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

मग गुरुवार-शुक्रवार मला प्रशिक्षणाला बोलावलं. विषय होता, शाळाबाह्य मुलांना प्रवाहात कसं आणावं. दोन दिवस मी पंख्याखाली बसून तक्ते भरले. शनिवार-रविवार बंगल्यावर मालक मंडळी आली.

सोमवारी सकाळी मी स्कूटी घेऊन वस्तीवर गेले तर तिच्या दारात तिघंच, दप्तरं घेऊन. तिची आई भांडी घासत होती. घरात भिंतीवर निळ्या कोटातल्या बाबांचा फोटो आणि त्याच्याखाली खिळ्याला तिचं तिसरीचं प्रगतिपुस्तक अडकवलेलं होतं.

"ती कुठंय?"

आईने मान वर केली नाही. "पुन्याला गेली. मालकिणीसंगं. त्यांचं बाळ लहान हाये, सांभाळायला कोन न्हाई. म्हनल्या, पोरगी घरीच बसलीया तर द्या. दोन येळचं खाईल. शाळंत बी घालू म्हनल्यात."

"अहो, ती घरी बसलेली नव्हती. पाण्यामुळं..."

"व्हय, बाई. पान्यामुळंच."

मी गेटवर गेले, बापाकडून नंबर घेतला, तिथेच उभी राहून फोन लावला. मालकीणबाई गोड बोलल्या. आमच्या मुलीसारखीच आहे, म्हणाल्या, जूनमध्ये इथल्या शाळेत घालू, तुम्ही काळजी करू नका. तिला फोन द्या म्हटलं तर ती बाळाला घेऊन खाली गेली होती. पुढे तो नंबर कधी उचलला गेला नाही. मी तक्रार करते म्हणाले तेव्हा बापाने हात जोडले. "बाई, माजी नोकरी जाईल." तो माझ्यापेक्षा वयाने मोठा. त्याचे जोडलेले हात मी खाली केले आणि तरीही दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. अर्ज घेतला गेला. चौकशी चालू आहे, असं दर महिन्याला सांगतात. पटावर तिचं नाव अजून आहे.

पण त्या सोमवारी अर्जाचं माझ्या डोक्यातही नव्हतं. मी त्या तिघांना "इथंच थांबा" म्हणून दगडांपाशी उभं केलं, वळसा घालून शाळेत आले आणि पंधराच्या पंधरा मुलांना घेऊन ओढ्यावर गेले. कुणाला फोन केला नाही. मुलांना एवढंच म्हटलं, "आपापली पिशवी काढा."

मुलांना कारण सांगावं लागलं नाही. दोन मुली पुलाच्या भिंतीवरची रेघ बघून एकमेकींशी काहीतरी बोलल्या. मग पोरं चिखलात उतरली, नावं वाचत आपापली पिशवी शोधायला लागली, ओढून काठावर टाकायला लागली. पाणी खळखळून सुटलं. आबा शेताच्या बांधावर येऊन उभे राहिले. तास कशाला, अर्ध्या तासात सातही दगड वर आले, काळे, चिकट. पलीकडची तिघं एकमेकांना धरून, थांबत थांबत आली. लहानगा मधल्या दगडावर अडकला आणि त्याने सवयीने मागे हात केला. मागे कुणी नव्हतं. मी पाण्यात उतरून त्याला आणलं.

त्या तिघांनीही आपापल्या पिशव्या काढल्या. आता एकच राहिली, मधोमध. तिच्या दोन्ही बाजूंनी पाणी जात होतं. वर त्या मुलीचं नाव, मोठ्या, गोल अक्षरात. पहिलीत ती आली तेव्हा तिला रेघही ओढता येत नव्हती. ते नाव तिचा हात धरून मीच गिरवून घेतलं होतं.

मी वाकून पिशवीला हात घातला.

"बाई, ती तिची हाये," लहानगा म्हणाला. "ती काढील."

बाकीची मुलं माझ्याकडे बघत होती. मी हात मागे घेतला. नियम माझाच होता.