बेबीदीदीचं एकच गाणं

बेबीदीदी इतकी हळू बोलायची की समोरच्याला कान पुढे करावा लागे. मडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या मैदानात जिचा आवाज पार पलीकडच्या शेतांपर्यंत जायचा, तिनं घरात पाणी मागितलं तर दोनदा विचारावं लागायचं. तिचे वडील रेल्वेत रात्रपाळीला असत आणि दिवसा झोपत. एका खोलीच्या क्वार्टरमध्ये चार लेकरं कुजबुजतच मोठी झाली. तेव्हा तिचा गळा मोकळा व्हायचा तो फक्त आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या बुद्धविहारात. रविवारी वंदना झाली की ती भीमगीतं म्हणायची आणि मी पेटीवर साथ करायचो. मी एका सरकारी कार्यालयात कारकून, वयानं तिच्याहून बराच मोठा. मला ती भैया म्हणायची.

विहारातच एका अल्बमवाल्यानं तिला ऐकलं आणि एक छत्तीसगढी गाणं म्हणायला बोलावलं. बाजाराला निघालेल्या पोरीचं साधंसं गाणं होतं. एका दुपारी आम्ही ते रेकॉर्ड करून आलो आणि विसरूनही गेलो. वर्षभरात ते रायपूरच्या प्रत्येक ऑटोत, प्रत्येक वरातीत वाजायला लागलं. पोस्टरवर तिचं नाव ‘बेबी’ असंच छापलं आणि मग ती साऱ्या छत्तीसगढची बेबीदीदी झाली. गाण्याची पार्टी उभी राहिली, मी पेटी सोडून कीबोर्डवर बसलो.

आईसाठी साडी घ्यायला ती एकदा पंडरीच्या कापडबाजारात गेली. आई आणि मी सोबत होतो. दुकानदारानं ओळखलं, शेजारचे दुकानदार धावत आले, गल्ली भरली. तिथंच उभं राहून तिला ते गाणं म्हणायला लावलं. तिनं म्हटलं. गर्दीत आईला धक्का लागला, चष्मा फुटला, साडी घ्यायची राहिली. परत येताना ती म्हणाली, “लोकाइले मी नाही पाहिजे भैया, गाणं पाहिजे. मी फक्त ते आणून देणारी आहो.” त्यानंतर ती पंडरीत कधी गेली नाही.

कुठल्याही दारातून आत जाण्याआधी ती क्षणभर थांबायची आणि चेहऱ्यावर हसू आणायची. मी एकदा विचारलं, काहून असं करतेस? म्हणाली, “हसू उतरलं का लोक म्हणतात, दीदीले घमंड आला.” वडील गेले त्या दिवशी दारात लोक बसले होते. नात्यातल्याच एका माणसाच्या पोरी फोन घेऊन पुढे आल्या. बेबीदीदीनं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि फोटोसाठी उभी राहिली. त्या फोटोत ती हसते आहे. पुढे कुणीतरी तो सगळीकडे पाठवला आणि बाप मेला तरी ही हसते, असं लोक बोलले. चार दिवस ती जेवली नाही, हे मात्र मला तिच्या आईकडून कळलं.

मग तिचा आवाज फाटायला लागला. समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी गळ्यात गाठ असल्याचं सांगितलं. तुकडा काढून लगेच तपासावा लागेल आणि तोवर गाणं बंद, असं ते स्पष्ट म्हणाले. दिवाळी नुकतीच झाली होती. मडईचे कार्यक्रम ठरलेले होते, गावोगावी तिचे पोस्टर लागले होते. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिनं मला विचारलं, “भैया, तुमी सांगा. काय करू?”

ती दुसऱ्या कुणाला विचारत नसे. आणि मी म्हणालो, “एवढी मडई होऊन जाऊ दे बेबी. मग आराम कर.”

ती ‘हव’ म्हणाली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

त्या हंगामात तिनं एकही कार्यक्रम चुकवला नाही. शेवटी शेवटी आवाज निघेनासा झाला, तेव्हा मागून रेकॉर्ड वाजायचं आणि ती फक्त ओठ हलवायची. एका गावात ते कुणाच्या तरी लक्षात आलं आणि खालून शिट्ट्या सुरू झाल्या. तिनं माईक खाली ठेवला, मैदानाला हात जोडले आणि गाडीत जाऊन बसली. तपासणी केली तेव्हा फार उशीर झाला होता. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

अंत्ययात्रेला सारा पारा लोटला. कुणीतरी गाडीवर भोंगा लावून तेच गाणं वाजवत होतं. लोक रडत होते आणि फोन वर धरून शूटिंगही करत होते. रडणं खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

महिन्याभरानं मी तिच्या आईला भेटायला गेलो. दवाखान्याच्या पायऱ्यांवरचं बोलणं तिला सांगायचं, असं ठरवूनच गेलो होतो. तिनं चहा दिला. विहारात मुलींनी बेबीच्या आठवणीत कार्यक्रम ठेवलाय, म्हणाली. त्यांना ते बाजाराचं गाणं नको होतं, बेबीच्या आवडीचं एखादं म्हणायचं होतं.

“मले तर घरात कधी म्हणून दाखवलं नाही तिनं,” आई म्हणाली. “तू तर तिच्या बाजूलेच बसत होता. तिले कोणतं गाणं आवडत होतं?”

मी पंधरा वर्षं तिच्या बाजूला बसून वाजवलं. तिचा सूर, तिचा श्वास, ती कुठे थांबते, सगळं मला पाठ होतं. आई माझ्याकडे पाहत थांबली होती. चहा निवत गेला, आणि मला एकही गाणं सांगता आलं नाही.