दोन दाबले की देऊन टाक

माझी शाळा दुसरीपर्यंत झाली. मराठी अक्षर लावून लावून वाचते, इंग्रजी येत नाय. हे आधीच सांगून ठेवते, कारन पुढचं ऐकून लोक विचारतात, म्हातारे, तुला हे कुनी शिकवलं? कुनी नाय शिकवलं. मासळी विकून शिकले.

नवरा गेला तेव्हा पोरगा चार वर्षांचा होता. सकाळी डोक्यावर पाटी घेऊन मी अर्नाळ्याहून चालत नंदाखालच्या वाड्यांत जायची. केळीच्या बागेतनं हाक मारत फिरायचं, उरलं ते घेऊन आगाशीच्या बाजारात बसायचं. पोरगा सोबतच. घरात ठेवनार कुनाकडं? पन तो नुसता बसून राहनारा नव्हता. बाजारभर फिरून यायचा, कोनती बाई काय भावाने देते ते बघायचा, नि गुपचूप माझ्या बाजूला येऊन माझा हात धरायचा. समोर गिऱ्हाईक घासाघीस करत असायचं. त्याच्या देखत कसं बोलनार? म्हनून आमचं ठरलं होतं. हात एकदा दाबला, म्हंजे नको देऊ, दुसरीकडं जास्त मिळतंय. दोनदा दाबला, म्हंजे देऊन टाक. बायका मला विचारायच्या, तुला बसल्या जागी सगळ्या बाजाराचा भाव कसा कळतो? मी म्हनायची, वास येतो.

असं करत पोरगा मोठा झाला. जहाजावर फिटर म्हनून लागला, बारा वर्षं परदेशी फिरला. मग परत आला, बोट बांधली, लग्न केलं. सून विरारची, शिकलेली, चांगली हाय. मला आई म्हनते.

जहाजावर असताना त्याने मित्रांचं बघून ते क्रिप्टो का काय ते घेऊन ठेवलं होतं. दर पगाराला थोडं थोडं. एक दिवस मी बोंबील साफ करत होते, तर ओट्यावर एक डबी आनून ठेवली. डबी म्हंजे काय, पेन ड्राइव्हसारखी. एवढीशी काच नि दोन बटनं.

"आये, पैसे याच्यात नसतात. याच्यात चावी असते."

"मग पैसे कुठं?"

"एका जागी नसतात. सगळीकडं असतात."

"देवासारखं बोलू नको. नीट सांग."

हसला. मग एक कागद काढला. त्यावर इंग्रजीत चोवीस शब्द लिहिलेले. म्हनाला, "डबी हरवली तरी चालंल, या कागदावरनं नवीन डबीत सगळं परत येतं. पन डबी नि कागद दोन्ही गेले, तर संपलं. आनि ऐक. हे शब्द फोनने मागितले, कॉम्प्युटरने मागितले, बँकेच्या सायबाने मागितले, तर तो चोर. शब्द टाकायचे ते फक्त डबीवर, डबीच्याच बटनांनी. फोटो पन नाय काढायचा."

"तू मागितलेस तर?"

"तर मी पन चोर."

कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला नि मिठाच्या मोठ्या बरनीत खाली पुरला. चोर कपाट फोडंल, मिठात हात घालनार नाय. आनि मासळी मिठात वर्षभर टिकते, तर कागद का नाय टिकनार, असं मला वाटलं.

दोन वर्षांपूर्वी पोरगा बोटीवरच आडवा पडला. लकवा. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात राहिला, पन बोटं सुटी होईनात, नुसती मूठ वळायची. मान कशालाही हलायची, चहा हवा का विचारा, विष हवं का विचारा. डोक्याने मात्र सगळं समजत होता, डोळ्यांत दिसायचं. हॉस्पिटलात व्यायाम घेनाऱ्या बाईंनी सुनेला शिकवलं, त्याच्या हातात हात द्या, हो असेल तर एकदा दाबंल, नाय असेल तर दोनदा. त्यावर आमचं घर चालायला लागलं, पन हात धरून विचारायची ती सूनच, मी नाय.

बोट किनाऱ्यावर ओढून ठेवली. दोन मोसम तशीच. इंजिन खाऱ्या हवेनं धरलं. घरातलं सोनं गेलं, मी परत पाटी घेतली, या वयात. मग बोट घ्यायला एक व्यापारी आला. बोटीच्या अंगावर थाप मारून बोलला, नारळी पुनवेच्या आत सांगा, नाहीतर मी दुसरी बघतो. देत होता ते लाकडाच्या भावाने. पन नवीन इंजिन घालायला आमच्याकडं काय होतं? बोट विकली असती तर सहा म्हयने खाल्लं असतं, नि मग काय? बोट चालती राहिली तर खलाशी घेऊन तरी जातील, वाटा घरी येईल. पोरगा खाटेवरनं बोटीकडं बघायचा. आमच्या दारातनं दिसते ती.

तेव्हा सुनेला डबी आठवली.

सुनेचा भाऊ नालासोपाऱ्यात राहतो, ऑफिसात कामाला. रविवारी आला. फोनवर बोटं फिरवली, जे पहिलं दिसलं ते ॲप उतरवलं. त्यात चोवीस खाने आले.

"मावशी, ते शब्द आणा. इथे टाकले की झालं."

"नाय."

"म्हणजे?"

"शब्द फोनने मागितले तर तो चोर."

"अहो मावशी, हे कंपनीचंच ॲप आहे. हा बघा लोगो."

"पाटीवर ताज्या पापलेटचं चित्र काढून आत शिळं भरलं, तर मी घेनार काय? मी मासळीचा कान उचलून आतली लाली बघते."

"ताई, समजाव ना यांना. इथे माणूस आजारी पडलाय आणि यांचं मासळीपुराण चाललंय."

सून माझ्याकडं बघत राहिली. तिला बोट वाचवायची होती, मला पन. मी पोराच्या खाटेकडं गेले नि विचारलं नाय, नुसतं बघितलं. त्याचे डोळे एवढे मोठे झालेले, नि घशातनं आवाज येत होता. मी म्हनाले, "काढून टाक ते ॲप. पुढच्या रविवारी ये. आनि रागावू नको, कोलिम, सुका जवळा, घेऊन जा घरी."

डबीचं खोकं मी फेकलं नव्हतं. मी कुठलंच खोकं फेकत नाय. त्यात छोटं पुस्तक होतं, त्यावर ॲप कुठनं उतरवायचं तो पत्ता छापलेला. पुढच्या रविवारी मी ते पुस्तक समोर ठेवलं नि म्हनाले, जे छापलंय तेच टाक, शोधू नको. त्याने टाकलं. मी पुस्तक नि फोन बाजूबाजूला धरून एकेक अक्षर मिळवलं. वाचता येत नसलं तरी आकार दिसतो की. जाळं विनताना एक डोळा लहान-मोठा झाला तर बोटाला कळतं, तसंच. ते ॲप उतरलं, नि त्याने शब्द मागितलेच नाय. त्याने फक्त सांगितलं, डबी वायरने जोडा. डबीची काच पेटली. अस्सल हाय, असं ॲपने लिहून दाखवलं. सुनेच्या भावाने फोन खाली ठेवला. म्हनाला, "मावशी, ते पहिलं ॲप चोरांचं होतं."

"आता चहा घे," मी म्हनाले.

पन डबी पिन मागत होती, चार आकडे. तीन वेळा चुकलं की डबी कोरी होते. पिन पोराच्या डोक्यात, नि डोक्यातनं बाहेर यायला वाट एकच, ती मूठ.

सून डबी त्याच्या डोळ्यांपुढं धरून बसली. मी त्याचा हात धरला. तिने बटन दाबून आकडा आनला. "आठ?" त्याने हात दाबला. मी म्हनाले, दाबला. तिने तो घेतला. "तीन?" दाबला. "पाच?" दाबला. चारही आकडे कसे पटापट आले. सुनेच्या तोंडावर हसू. दोन्ही बटनं एकत्र दाबली, नि डबीने सांगितलं, चूक. दोन वेळा राहिल्या.

पोरगा घशातनं ओरडायला लागला. सून म्हनाली, थकले ते, आज नको.

मी स्वैपाकघरात गेले. म्हटलं, गेलंच तर कागद हाय ना. मिठाच्या बरनीत हात घातला, तर खालचं मीठ ओलं लगदा. दोन पावसाळ्यांत मिठाने पानी ओढलेलं, पिशवीला कुठंतरी भोक. कागद उघडला, तर वरचे शब्द होते, खालच्या अर्ध्याची निळी शाई पसरून नुसता डाग झालेला. मी तो डाग सुनेला दाखवला. लपवून काय करायचं?

"आई, मिठात ठेवलात?"

"मासळी टिकते ना."

ती आधी हसली, मग रडायला लागली. मी नाय रडले. मला वेळ लागतो रडायला, आनि तेव्हा वेळ नव्हता. नारळी पुनव आठ दिवसांवर होती.

दोन दिवस कुनी डबीला हात लावला नाय. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेच्या बाजूला बसले होते, त्याचा हात हातात. शेजारीन दारात आली. पावसात तिला सुके बोंबील हवे होते.

"शंभराला दे ग."

माझ्या हातात एक दाब आला.

"नाय परवडत," मी म्हनाले. तोंडातनं आपोआप निघालं.

"बरं, सव्वाशे. जास्त नाय हां, बाजारात पन तेवढेच हायेत."

दोन दाब.

"घेऊन जा," मी म्हनाले.

ती बोंबील घेऊन गेली. मी तशीच बसून राहिले. मग त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता, एका बाजूने तोंड वाकडं, पन हसत होता. सुनेच्या हातात तो हॉस्पिटलचं बोलायचा. माझ्या हातात बाजारचं बोलत होता. लहानपनापासून ह्या हातात एक म्हंजे नको. त्या दिवशी चारही आकड्यांना बिचारा नको, नको म्हनत होता, नि आम्ही घेत सुटलो होतो.

"बाजाराचा हात काय रे?" मी विचारलं.

दोन दाब.

सुनेला हाक मारली. तिच्या भावाला बोलावलं नाय. ती म्हनाली, "आई, नक्की? दोनच राहिल्यात." मी म्हनाले, "तू आकडे फिरव."

"सहा?" एक दाब. "सात?" एक. "आठ?" एक. असं फिरत फिरत गेलं नि एका आकड्यावर दोन दाब आले, पक्के. तो आकडा कोनता ते इथं सांगनार नाय, एवढं शिकले हाय. दुसरा आकडा तसाच मिळाला, तिसरा पन. चौथ्याला त्याने एवढ्या जोरात दाबलं की माझी बांगडी रुतली. सुनेने दोन्ही बटनं दाबली.

काच क्षनभर काळी झाली. मग उघडली. फोनवरच्या ॲपमध्ये त्याच्या बारा वर्षांच्या पगारातनं बाजूला काढलेलं सगळं दिसलं. होतं तिथंच होतं. उलट वाढलं होतं.

सुनेने मला धरून उचललंच जवळजवळ. शेजारीन बोंबलाचं भांडं घेऊन परत धावत आली, तिला वाटलं काय वाईट झालं.

"काय ग, काय झालं?"

"काय नाय. पोरगा बोलला."

संध्याकाळी सुनेचा भाऊ आला. इंजिनापुरतं काढायचं ठरलं, बाकी तिथंच ठेवायचं. पोराने पहिल्यांदा जिथनं घेतलं होतं, त्याच त्याच्या नावाच्या खात्यावर पाठवायचं, तिथं विकलं की रुपये बँकेत येतात. खात्याचा पत्ता म्हंजे लांबच्या लांब अक्षरं नि आकडे. सुनेचा भाऊ म्हनाला, "मावशी, फोनवर एक पत्ता दिसतो, डबीवर एक. दोन्ही सेम पाहिजेत. फोनला चोर फसवू शकतो, डबीला नाही. बघणार तुम्ही?" आता मला विचारत होता बघा. मी चष्मा लावला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बोट ठेवून मिळवलं. नुसती पहिली चार मिळवून थांबू नका म्हनाला, तर मी म्हनाले, "मी अर्धं जाळं कधी विनलं नाय."

सगळं जुळलं. शेवटी डबीची दोन्ही बटनं एकत्र दाबायची होती, मग ती होकार घेते. सुनेने अंगठा पुढं केला. मी म्हनाले, थांब. डबी पोराच्या डाव्या मुठीत दिली, त्याचा अंगठा एका बटनावर ठेवला, माझा दुसऱ्यावर. पैसे त्याचे. होकार त्याचा पाहिजे.

"एक, दोन, तीन," सून म्हनाली.

पहिल्या वेळी त्याचा अंगठा घसरला. दुसऱ्या वेळी नाय घसरला.

इंजिनवाला येऊन माप घेऊन गेला, नि दोन दिवसांत खोकं आनून टाकलं. जुना कागद कामाचा राहिला नव्हता, म्हनून सुनेने माझ्या समोर नवीन शब्द केले. पुस्तकात पद्धत होती, तशी तिने दुसऱ्या नव्या डबीत नवीन चोवीस शब्द घेऊन सगळं तिकडं हलवलं. आता शब्द शाईने नाय, पत्र्याच्या पट्टीवर ठोकून लिहिलेत. कुठं ठेवलेत? मिठात नाय, एवढंच सांगते.

पुनवेच्या आदल्या दिवशी व्यापारी आला. छत्री दाराला टेकवली, खुर्चीवर बसला.

"मग काय ठरलं, म्हातारे? तुझ्यासाठी थोडे वाढवतो. नाहीतर कुजून जाईल बोट."

मी खाटेवर पोराच्या बाजूला जाऊन बसले, त्याचा हात माझ्या मांडीवर घेतला.

"मालक हा हाय. त्याला विचारते. काय रे, देऊ?"

व्यापारी वाट बघत होता. पोरगा दारातनं बोटीकडं बघत होता, नवीन इंजिनाचं खोकं तिच्या बाजूला प्लास्टिकखाली होतं.

त्याने माझा हात एकदा दाबला.

"नाय म्हनतोय," मी सांगितलं.