आबांची शाबासकी

माणसाचा अंत पाहण्याचं काम देवाने फैजपूरपुरतं आमच्या शेजारच्या आबांकडे सोपवलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तेव्हा गल्लीत फोन फक्त आमच्याकडे, आणि दर रविवारी सकाळी नाशिकहून एका बाईंचा आबांसाठी फोन यायचा. आबांची नात मंदा जन्मापासून मतिमंद. जेवायला बसली की ताट भिरकावायची. तिच्यापायी आबांच्या सुनेला कित्येक वर्षांत कोणी लग्नाच्या पंगतीत पाहिलं नव्हतं. अशा मुलांना वळण कसं लावावं, हे त्या बाई घरच्यांना फोनवरून शिकवत. सून फोनला हात लावायला लाजायची, म्हणून शिकायला आबा.

मळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या गड्याला हाक मारावी तसे ते फोनवर बोलत. नाशिकला तारेशिवायही ऐकू गेलं असतं. पोरगी ओरडली की लक्ष द्यायचं नाही, हा बाईंचा पहिला धडा आबांनी आधी माझ्यावर पक्का केला. "आबा, जरा हळू," म्हटलं की ते आढ्याकडे बघत बसत. दुसरा धडा, नीट वागलं की तिथल्या तिथे शाबासकी. मी चहा पुढे केला की चाळिशी उलटलेल्या माझ्या पाठीत धपाटा बसायचा, "शाब्बास रे, वाघा!"

एवढं होऊन मंदाचं ताट उडतच होतं. बाई चक्रावल्या. शेवटी वैतागून मीच एकदा जेवणाच्या वेळी आबांकडे जाऊन बसलो. पोरीने शहाण्यासारखे दोन घास खाल्ले. आबा म्हणाले, "शाब्बास, माय!" आणि लगेच तिच्यावरून मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. सगळं घर ठसकायला लागलं. मंदाने किंचाळून ताट फेकलं.

"आबा, अहो हे काय?"

"तोंडावर कौतुक केलं त नजर लागीन ना पोरीले!"

मी कपाळावर हात मारून घेतला. रविवारी बाईंनी बजावलं, कौतुक करा, पण मिरच्या नकोत. आबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "बाई, हिच्या पाठची एक गेली. गोड होती. जो तो कौतुक करे तिचं."

पुढच्या वैशाखात भाऊबंदांच्या लग्नात मंदा आईशेजारी पंगतीला बसली. वाढता वाढता आबा तिच्यापुढे थांबले, "शाब्बास, माय," म्हणाले आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटत तिथेच उभे राहिले. मागची पंगत खोळंबली, लोक ओरडू लागले, पण ते हलेनात. मी त्यांच्यावर आयुष्यभर चिडलो. आज ते नाहीत, आणि त्यांची फार आठवण येते. त्या दिवशी मंदाने ताटातलं सगळं संपवलं, आणि तिच्या आईने गरम बट्टी पुन्हा मागून घेतली.