कातळावर ओतलेलं पाणी

ही हकीकत मी आजवर कुणालाच सांगितली नाही. बायकोने दोन-तीनदा विचारलं, "तुमच्या मामाला गावाने असं का टाकलं होतं?" मी दर वेळी काहीतरी काम काढून उठलो. आता तीही नाही. ज्यांच्यासमोर बोलायला हवं होतं, त्यांच्यातलं कुणीच उरलेलं नाही.

साठ साल उजाडायच्या थोडी आधीची गोष्ट. आमचं गाव कसालहून मालवणकडे जाताना जरा आत लागतं. गावातून एक व्हाळ वाहतो आणि खाली खाडीला मिळतो. घरात मी आणि मामा, दोघंच. आई मी लहान असताना गेली, मामी त्याही आधी. मामाने मला सांभाळलं, शिकवलं. हिवतापासाठी घरोघरी डीडीटी फवारणाऱ्या पथकात मला काम मिळालं, तेव्हा सगळ्या वाडीत सांगत फिरला.

पथकाच्या मुकादमाचा एक दंडक होता. उरलेलं औषध आणि पंप धुतलेलं पाणी व्हाळ-विहिरीपासून लांब, मातीत खोल खड्डा खणून त्यातच ओतायचं, वर माती ओढायची. "पावसाचा पाणी खंय खंय जाता, ता तुमच्या बापाशीक पण ठावक नाय," असं तो सारखं बजावायचा.

आमच्याच वाडीतली फवारणी संपली त्या दिवशी बाकीचे पुढे गेले आणि पंप धुण्याचं काम माझ्यावर आलं. श्रावण सरत आला होता, ऊन पडलं होतं. आमच्याकडे वीतभर मातीखाली जांभा. मी पहारेचे चार घाव घातले, हात झिणझिणले. समोर व्हाळाच्या वरच्या अंगाला उघडा कातळ पसरला होता. म्हटलं, इथे ओतलं तर घटकाभरात सुकून जाईल. ओतलं. खरंच सुकलं, पांढरी भुकटी मागे राहिली. मी घरी जाऊन जेवलो.

कातळ पाणी पीत नाही, हे तिथे जन्मलेल्या मला वेगळं सांगायला नको होतं. संध्याकाळी जोराची सर आली आणि कातळावरचं सगळं व्हाळात उतरलं.

सकाळी व्हाळाच्या खालच्या कोंडीत, साचल्या पाण्यात, झिंगे, कुर्ल्या, हातभर लांब वांब मासे, सगळं उताणं पडलेलं. काठावर गर्दी. कुणीतरी म्हणालं, "कोणीतरी साल घातल्यान." रामेठ्याची साल ठेचून पाण्यात टाकली की मासे भोवंडून वर येतात. तरुणपणी मामाने ते केलं होतं आणि गावाला ते माहीत होतं. पुढे त्याने ते स्वतःहून सोडलं, दुसऱ्या कुणी केलं तर भांडायला जायचा. पण गर्दीने त्याच्याकडेच पाहिलं.

मामा व्हाळाच्या कडेने वरपर्यंत जाऊन आला. पेज वाढताना म्हणाला, "पंप खंय धुतलंस रे?"

"वर. खड्डो खणून."

त्याने माझ्या ताटलीत लोणचं घातलं आणि परत कधी विचारलं नाही.

मानकऱ्यांनी त्याला देवळात बोलावलं. "पायरीर हात ठेव आणि सांग, ह्या व्हाळात मी साल घालूक नाय."

"औंदा घालूक नाय," मामा म्हणाला.

"औंदा नको. कधीच नाय, म्हण."

मामाने पायरीवरचा हात उचलला. "तरणो होतंय तेव्हा घातलंय. देवासमोर खोटा कसा बोलू?"

"मगे झाला!" मागून कुणीतरी हसलं. "मांजर म्हातारा झाला म्हणान दूध सोडता काय?"

मी खांबाला टेकून उभा होतो. नोकरी कायम व्हायची होती. दोन शब्द बोललो असतो तर मामा मान वर करून घरी आला असता. मी माझ्या पायांकडे बघत राहिलो.

शिक्षा अशी कुणी दिली नाही. पण हिवाळ्यात वायंगणी शेतीसाठी, म्हणजे दुसऱ्या भातपिकासाठी, सगळा गाव मिळून व्हाळावर दगडमातीचा बांध घालायचा. पहिला दगड कुठे बसवायचा, ते मामा सांगायचा. त्या वर्षी त्याला हाक आली नाही. तो घरापुढच्या खळ्यात बसून खालच्या हाका ऐकत राहिला. वाटेत कुणी भेटलं तर टोमणा मारायचं, "व्हाळाक चललंस? थांब, माशांका सांगून येतंय!" मामाही हसायचा. मग त्याने व्हाळाची वाटच सोडली.

माझी कुडाळला बदली झाली. मी सुटल्यासारखा गेलो. तिथे मात्र मी कातळ फोडून कमरेएवढे खड्डे खणायचो, पाऊस दिसला तर पंप धुऊ द्यायचो नाही. नवी पोरं म्हणायची, "अण्णा, बाव खणतंस काय?" एकही व्हाळ पुन्हा माझ्या हातून नासला नाही. मामाला त्याचा काय उपयोग?

दर गणपतीत सांगायचं ठरवून जायचो आणि न सांगता परतायचो. शेवटच्या खेपेला तो मला सोडायला कसालपर्यंत आला. धाप लागत होती, तरी माझी पिशवी त्याच्याच हातात. फाट्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "मामा, ते मासे..."

"गाडी इली," तो म्हणाला. "चल, जागा धर."

त्याला ठाऊक होतं की नाही, मला आजही कळलेलं नाही. पुढच्या आषाढात तो गेला. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. खांदा द्यायला माणसं कमी पडली, असं शेजारीण म्हणाली.

गाडीत बसल्यावर खिडकीतून मी जे ओरडून सांगायला हवं होतं, ते इतकंच होतं: मामा, मासे माझ्या औषधान मेले. चल, देवळात जावया, पायरीर हात ठेवन मी सगळ्यांका सांगतंय. आणि माका माफ कर.