सुतकातली काचेची भांडी

चहा ओतून वळले तर नवरा स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेला. हाक मारली, तोंडावर पाणी मारलं. काही नाही. मुलगा कामावर. फोन करायला मला इंग्रजी येत नव्हतं. मी चौथी शिकलेली. चपला न घालता बर्फातून शेजारच्या बाईकडे गेले आणि तिला हाताला धरून आणलं. तिने नवऱ्याचं मनगट धरलं, मान हलवली आणि शेगडी बंद केली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही बंगळूरची माणसं. मुलगा कॅनडातल्या त्या गावात गुरांचा डॉक्टर होता, म्हणून सहा महिने राहायला गेलो होतो. गाव म्हणजे एक रस्ता, धान्याचं उंच कोठार, एक चर्च. बाकी नजर जाईल तिथवर सपाट पांढरं.

त्याच संध्याकाळी गावातल्या बायका जेवण घेऊन आल्या. काचेची मोठी भांडी, बुडाला चिकटपट्टीवर नावं. मला मिठी मारायच्या आणि जायच्या. निम्म्यांत मांस. मुलगा खायचा, मी बटाटे वेचायची. रीत ओळखीची होती. आमच्यातही सुतकाच्या घरी शेजारी पिठलं-भात आणतात.

मग त्या येईनाशा झाल्या. मुलगा सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. बंगळूरला आमच्या चामराजपेटेत समोरची अक्का दिवसभर तोंड चालवते, त्याचा मला वैताग होता. या गावात माणसाचा शब्द कानावर पडत नव्हता. शेजारची बाई खिडकीवरून जाताना हात करायची, थांबायची नाही.

मुलगा म्हणाला, "अम्मा, ती भांडी ठेवून काय दुकान टाकणार आहेस?"

"रिकामी देऊ?"

"दे की. इथे कोण बघतंय?"

"मी बघते. रिकामं भांडं परत देत नाहीत. आणि सुतकात भरून देता येत नाही."

"इथे भांडं परत आलं की बायका समजतात, आता हिच्याकडे जायला हरकत नाही. तोवर दुःखातल्या माणसाला त्रास देत नाहीत."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे?"

तेरावा झाल्यावर लोणी कढवून तूप केलं, चिरोटे तळले, सगळी भांडी भरली आणि मुलाच्या गाडीतून घरोघर पोचवली. दुसऱ्या दिवशी शेजारची बाई विणकाम घेऊन आली. तीही विधवा, मुलाने सांगितलं. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. ती विणायची, मी बसायची. पुढे रोज आली. त्याने मला बरं वाटलं असं नाही. समोरच्या खुर्चीत कुणीतरी होतं; माझं माणूस नव्हतं.

बर्फ वितळल्यावर परत आले. अस्थी श्रीरंगपट्टणला कावेरीत सोडल्या. पुढच्या हिवाळ्यात ती बाईही गेल्याचं मुलाने फोनवर सांगितलं.

मी आहे.