रेडकाच्या वाटणीचं दूध

कागलच्या एमआयडीसीला लागून गुंडूतात्यांचं घर. मागं गोठा आणि गोठ्याला चिकटून एक खोली. त्या खोलीत झारखंडचा सोमाय मुर्मू भाड्यानं राहायचा. फाउंड्रीतली रात्रपाळी संपवून पहाटे यायचा, तात्यांच्या कट्ट्यावर टेकायचा. दोघांची तंबाखू एका डबीतल्या चुन्यात मळली जायची. बोलणं अर्धं कळायचं, उरलेलं हसण्यावर भागायचं.

एकच गोष्ट तात्यांना उमगत नव्हती. धारोष्ण दुधाचा पेला पुढं केला की सोमाय हात जोडायचा. चहासुद्धा कोराच घ्यायचा.

यंदा म्हैस व्याली, पण सकाळच्या धारेला बादली निम्मीच भरायची. दूध संस्थेतला सम्राट म्हणाला, "तात्या, तुमच्या भाडेकरूकडं बघा जरा. कुठंतरी पाणी मुरतंय."

"त्यो दूध पितच न्हाय, चोरंल कशाला?"

"ईकत आसंल की. परमुलखातला माणूस. खोली रिकामी करून घ्या."

तात्यांनी त्याला झटकलं, पण शब्द आत रुतला. दुसऱ्या दिवशी ते चुन्याची डबी घेऊन कट्ट्यावर आलेच नाहीत. सोमायनं रिकामा कट्टा न्याहाळला आणि तो खोलीत गेला.

त्याच्या पुढच्या पहाटे तात्या काठी घेऊन कडब्याच्या गंजीआड बसले. चोर सोमाय निघाला तर आजच त्याची वळकटी बाहेर, असं ठरवून. आणि तो निघू नये, असंही मनात घोकत.

सोमाय आला. हातात भांडं नव्हतं. त्यानं रेडकाचं दावं सोडलं. रेडकू धावत जाऊन कासेला भिडलं, आणि हा त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला.

"सोमा, काय चाललंय हे?"

सोमाय दचकला. "दादा, भुका होता. ओरडत होता."

"आरं, एक सड ठेवतो की मी त्याला."

"आमच्या गावात दूध पिलाचं असतं. माणूस काढत नाही. काढला तर त्याला..."

"काय म्हणत्यात?"

"चोर."

तात्यांनी हातातली काठी हळूच गंजीला टेकवली. "आन् तू रोज चोराच्या कट्ट्यावर बसतोस व्हय रं?"

"एवढं सोडलं तर चांगला माणूस आहे दादा," सोमाय गंभीरपणे म्हणाला.

सकाळी दारात येऊन बादली घेताना सम्राटनं विचारलं, "घावला का चोर?"

"घावला. मीच त्यो. आता दोन सड रेडकाचे. दूध कमीच येणार."

"आन् खोली?"

तात्या कट्ट्याकडं वळले. तिथं बसलेल्या सोमायपुढं डबी सरकवत म्हणाले, "दावं सोडायचं आसंल तर मला उठवायचं. काय?"