सोडियमच्या जागी

आमच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीच्या लॅब एकाच व्हरांड्यात आहेत. तिन्हींच्या किल्ल्या लॅब अटेंडंट धोंडप्पांच्या कमरेला. मूळचे मैंदर्गीचे. एकोणतीस वर्षं ते हेच काम करतायत. रोज सकाळी आधी फिजिक्सचा जुना काट्याचा तराजू पुसायचा, खालचे स्क्रू फिरवून ओळंबा जागेवर आणायचा, काटा मधोमध थांबेपर्यंत हलायचं नाही. डिजिटल तराजू आले तरी माणूस ऐकत नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "धोंडप्पा, त्याला आता कोण हात लावतंय?" तर म्हणाले, "कुणी लावू दे न लावू दे, मॅडम. वाकडं ठिवायचं कशाला?"

पोरं कंटाळली तरी हे मात्र दाराशी उभे राहून तिन्हीकडचे तास ऐकायचे. एकदा मला म्हणाले, तिन्ही खोल्यांत एकच शब्द हाय की, इक्विलिब्रियम. फिजिक्समध्ये दोन्हीकडचे जोर सारखे झाले की वस्तू जागची हलत नाही. माझ्याकडे, केमिस्ट्रीत, बाटलीत सगळं शांत दिसतं, पण आत दोन्ही दिशांनी रिॲक्शन सारख्याच वेगानं चालू असते. आणि अमृत सर बायोलॉजीत सांगतात की जिवंत शरीर कधीच पूर्ण समतोलात नसतं, ते सतत राबून स्वतःला सांभाळत असतं. राबणं थांबलं की माणूस गेला. धोंडप्पांना हे शेवटचं लई आवडायचं.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोच्या, शिवलीलाच्या, दोन्ही किडन्या गेल्या आणि तो धडा घरात आला. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. मधल्या दिवसांत पाणी किती प्यायचं तेही ठरलेलं. काठ फुटलेलं एक मोजपात्र मी बाद केलं होतं, ते त्यांनी मागून नेलं. दिवसाला सातशे मिली. उन्हाळ्यातल्या सोलापुरात सातशे मिली पाणी म्हणजे काय, ते मला कुणी समजावायला नको. बाई सकाळीच पाणी मोजून तांब्यात भरून घ्यायची आणि दुपारपर्यंत नुसती बघत बसायची, असं ते सांगायचे. मीठही तोडलेलं. पाण्याचं तिनं सोसलं, मिठाचं तिला सोसेना. उखळात कुटलेली तिची शेंगाचटणी आमच्या अख्ख्या स्टाफनं वर्षानुवर्षं खाल्लेली, आणि तिच्याच ताटात अळणी वरणभात. जेवण टाकायला लागली. जेवली नाही तर ती किती दिवस काढणार, एवढा एकच घोर त्या माणसाला लागला.

यंदा फेब्रुवारीत बोर्डाची प्रात्यक्षिकं तोंडावर होती. मी जर्नल तपासत बसले होते, डोकं आधीच तापलेलं. धोंडप्पा एक पुडा घेऊन आले. जुळे सोलापुरातल्या दुकानातून आणलेलं कमी सोडियमचं मीठ. मागची बारीक अक्षरं बोटानं दाखवत म्हणाले, "मॅडम, ह्याच्यात पोटॅशियम क्लोराइड हाय. आपल्या कपाटात हाय तेच. खाल्लं तर चालतंय की?"

मी मान वर केली नाही. म्हटलं, "चालतं हो. सोडियमच्या जागी थोडं पोटॅशियम घालतात. चवीला जरा कडवट, पण विष नाही ते."

"व्हय, मंग बरं झालं," म्हणाले आणि गेले.

शेजारच्या खोलीत अमृत सर होते. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी पुडा हातातून काढून घेतला असता. पण मीठ म्हणजे केमिस्ट्री, केमिस्ट्री म्हणजे मॅडम. एकोणतीस वर्षं कपाटं लावणाऱ्या माणसानं पुडाही बरोबर खोलीतच आणला होता.

आठ दिवस ते खुशीत होते. बाई दोन्ही वेळा जेवते, वरण मागून घेते, म्हणून सांगायचे. शुक्रवारचं डायलिसिस झालं, मंगळवार अजून लांब होता. सोमवारी सकाळी तिला हातपाय उचलवेनात. रिक्षातून दवाखान्यात नेलं तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी काय खायला दिलं विचारलं, तर ह्यांनी पुडा नेऊन दाखवला. बिघडलेल्या किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदय थांबतं. मैंदर्गीला माती दिली. मी गेले होते, पण त्यांच्यासमोर जायचं धाडस झालं नाही. मागच्या मागे परत आले.

पंधरा दिवसांनी ते कामावर आले. माझ्या टेबलासमोर उभे राहिले, टोपी हातात.

"मॅडम, तुमी मनाला लावून घेऊ नका. तुमी सांगितलं ते बरोबरच हुतं. मीठ तिच्यासाटी हाय हे मीच बोललो न्हाय. विष न्हाय म्हटल्यावर मला वाटलं झालं. तुमाला काय म्हाईत, कुणाला पायजे ते."

माझ्या उजव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये त्यांचे रजेचे अर्ज होते. प्रत्येक मंगळवारचा, प्रत्येक शुक्रवारचा, दोन वर्षांचे. कारण: पत्नीचे डायलिसिस. खाली विभागप्रमुख म्हणून माझी सही. चवीसाठी झुरणारी बाई कोण, ते मला त्यांच्या घरच्यांइतकं ठाऊक होतं, आणि मीठ हातात घेऊन तिचाच नवरा समोर उभा होता. बावीस वर्षं शिकवते आहे मी. मला फक्त मान वर करायची होती. लाज वाटते मला माझी.

ते उत्तराची वाट बघत उभे होते.

"हो ना, धोंडप्पा," मी म्हणाले, "मला कसं माहीत असणार?"

त्यांनी मान हलवली, टोपी घातली आणि तराजू पुसायला गेले.